रिकाम्या पट्ट्या

सहा वर्षं मावशी रोज सकाळी नवऱ्याच्या गोळ्या पट्टीतून काढायची, बेसिनमध्ये टाकायची आणि वरून नळ सोडायची. सुरुवातीला एकच गोळी होती. मग दोन झाल्या, मग तीन, आणि गेली दोन वर्षं चार. रिकाम्या पट्ट्या मात्र ती रबर लावून कपाटात जपून ठेवायची, कारण लेक घरी आली की आधी पट्ट्या मोजायची आणि मग चहाला हात लावायची.

आता कोणी म्हणेल, ही बाई नवऱ्याच्या जिवावर उठली होती की काय! अजिबात नाही. नवऱ्याला तिच्याइतकी जपणारी बाई त्या गल्लीत शोधून सापडली नसती. घरातल्या घरात शिलाई मशीनवर ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कोणाची पँट आखूड कर, कोणाची चेन बदल, कोणाच्या कोटाचं अस्तर लाव. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे.

तिचा नवरा बंदरात क्रेनवर होता. क्रेन साधीसुधी नव्हे, बारा मजले उंच. वर एक काचेची खोली, तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि पायाखालीसुद्धा काच. तिथे बसून ते जहाजावरचे लोखंडी खोके उचलायचे आणि खाली ट्रकवर अलगद ठेवायचे. खालचे कामगार त्यांना 'वरचे' म्हणायचे. 'वरच्याच्या मनात असलं तर आज वेळेवर सुटू,' असं म्हणून खिदळायचे. हळूहळू ते नाव गल्लीतही आलं आणि मावशीला कोणी विचारलंच तर 'वरचे आले का घरी?' असंच विचारायचं.

त्यांची लेक एकुलती एक. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर. वरचे तिला लाडाने आणि थोडं घाबरून 'सिस्टर' म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी सुटीवर आली तेव्हा तिने बीपीचं मशीन आणलं आणि गंमत म्हणून दोघांच्या दंडाला पट्टा बांधला. मावशीचं बरं निघालं. वरच्यांचं एकशे सत्तर. लेकीची गंमत तिथेच संपली. तिने आपल्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली गोळी सुरू झाली.

पाण्याची गोळी म्हणतात ती. शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी ती लघवीवाटे बाहेर काढते, शिरांमधला भार हलका होतो आणि दाब उतरतो. गोळी वाईट नव्हती, आपलं काम चोख करत होती. भानगड एवढीच की ते काम ती करायची सकाळी नऊ ते बारा या वेळात, आणि वरचे तेव्हा बारा मजले वर.

शिडी उतरायला पंधरा मिनिटं, चढायला वीस. तेवढा वेळ खाली जहाज खोळंबलेलं, ट्रकांची रांग लागलेली. पहिले तीन दिवस ते रोज दोनदा उतरले. तिसऱ्या दिवशी मुकादम वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "काय वरचे, आज पाऊस पाडताय का आमच्यावर?" सगळी गोदी हसली. वरचेही हसले. पण पुढच्या दिवसापासून ते दात आवळून वरच बसून राहायला लागले, आणि नवव्या दिवशी खोका अर्ध्या हवेत लटकत असताना त्यांना धरवलं नाही. खोका त्यांनी नीट उतरवला. त्यानंतर सुटी होईपर्यंत पाच तास ते तसेच बसून होते.

त्या दिवशी ते घरी आले ते सरळ बाथरूममध्ये गेले आणि स्वतःची पँट स्वतः धुवायला लागले. जन्मात कधी रुमाल न धुतलेला माणूस! मावशीने दारातून बघितलं आणि काय ते समजली. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. बावन्न वर्षांचा गडी, तिच्यासमोर उभं राहून म्हणाला, "उद्यापासून ती गोळी बंद. आणि हे सिस्टरला कळता कामा नये."

"अहो, तिला सांगितलं तर ती दुसरी देईल. नाहीतर संध्याकाळी घ्यायला सांगेल. तिचं रोजचंच काम आहे ते."

"काय सांगू तिला? तुझा बाप पँटीत मुततो म्हणून? लेकीशी बोलायची गोष्ट आहे ही?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तू जर तिला सांगितलंस ना, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथच घातली म्हटल्यावर मावशी काय करणार? ती गप्प बसली. नुसती गप्प बसून भागलं असतं तरी बरं होतं. पण लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बाबांनी गोळी घेतली?" वरच्यांना खोटं बोलता यायचं नाही, त्यांना फक्त विषय टाळता यायचा. त्यामुळे खोटं बोलायचं काम आपसूक मावशीकडे आलं. "घेतली गं बाई," ती म्हणायची. पहिल्या वेळी तिने त्यासाठी मशीन थांबवलं होतं. महिन्याभराने ती ते मशीनवर पाय मारता मारता म्हणायला लागली.

तिकडे लेकीला वाटे, गोळी घेऊनही बीपी उतरत नाही म्हणजे गोळी कमी पडतेय. मग दुसरी आली. ती वरच्यांनी आठ दिवस घेऊन बघितली, कोरडा खोकला लागला, सोडून दिली. तिसरी आली तेव्हा घेऊनही बघितली नाही. चौथी आली तेव्हा मावशीने हात जोडले, "अहो, एक तरी घ्या. निदान सुटीच्या दिवशी तरी." ते म्हणाले, "मला काही होतंय का? खातोय, पितोय, शिडी चढतोय." बीपीचं हेच तर वाईट. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय.

आणि लेक? ती बिचारी रात्रंदिवस त्याच विचारात. चार-चार औषधांना दाद न देणारं बीपी म्हणजे काहीतरी वेगळं असणार, म्हणून ती पुस्तकं चाळायला लागली. मग एके दिवशी फोनवर म्हणाली, "आई, किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात कधी कधी गाठ होते. ती गाठ नको तेवढं हार्मोन सोडत बसते, आणि ते शरीरातलं मीठ बाहेरच जाऊ देत नाही. मग कितीही औषधं द्या, उपयोग नाही. बाबांचं तेच असणार. मी रजा टाकतेय, पुढच्या महिन्यात सगळ्या तपासण्या करू."

नसलेली गाठ शोधायला पोर रजा काढून येणार होती, आणि तिला 'नको येऊस' म्हणायची सोय नव्हती. त्या दिवशी मावशीने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली.

पण तपासणीचा महिना उजाडायच्या आधीच वरचे पडले. तीस वर्षं बारा मजले चढ-उतार केलेला माणूस, आणि पडला कुठून, तर शेवटून चौथ्या पायरीवरून. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून सोमवारी त्यांना घरी आणलं, शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग लावला. बुधवारी लेक बॅग आणि बीपीचं मशीन घेऊन दारात हजर. "दहा दिवसांची रजा आहे. आता बाबांचं सगळं मी बघणार. आई, तू फक्त बस."

गुरुवारी सकाळी तिने चारही गोळ्या तळहातावर घेतल्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "बाबा, आ करा."

वरच्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी सुईत दोरा ओवत होती, ती ओवतच राहिली. शेवटी त्यांनी तोंड उघडलं, गोळ्या आत घेतल्या आणि हळूच जिभेखाली ढकलल्या. पण समोर वॉर्डची सिस्टर होती, असे छप्पन्न पेशंट तिने कोळून प्यायलेले. "आता जीभ वर करा," ती म्हणाली. वरच्यांनी मुकाट्याने गिळल्या.

मावशीला काय वाटलं सांगू? तिला सुटल्यासारखं वाटलं. सहा वर्षं उरावर ठेवलेलं ओझं कोणीतरी न विचारता उतरवून घेतलं होतं. खोटं बोलायला नको, शपथ मोडायला नको, आणि औषधही पोटात जातंय. आतल्या खोलीत जाऊन तिने चक्क डोळे पुसले. आता दहा दिवस घेतील, सवय लागेल, पुढेही घेतील. झालं गेलं कोणाला कळणारही नाही.

इथेच ती चुकली. औषध म्हणजे औषध, उशिरा का होईना पोटात गेलं म्हणजे चांगलंच, असा तिचा साधा समज. पण त्या चार गोळ्या अशा माणसासाठी लिहिल्या होत्या ज्याला तीन पुरल्या नव्हत्या. तसा माणूस त्या घरात नव्हताच. पलंगावर होता तो कित्येक वर्षांत एकही गोळी न घेतलेला माणूस, आणि हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक आडवा पडलेला आणि दुसरी आनंदात.

गुरुवारी संध्याकाळी वरचा आकडा एकशे पन्नासवर आला. शुक्रवारी एकशे अठरा. लेकीने टाळी वाजवली. "बघ आई! जरा आराम मिळाला तर कसं ऐकलं बीपीने! सहा वर्षांत पहिल्यांदा!" तिने आपल्या डॉक्टरांना फोन करून आकडा सांगितला. तिचा चेहरा इतका फुलला होता की मावशीलाही हसू आलं. "हो गं," ती म्हणाली.

वरच्यांनी मात्र पाणी पिणं सोडलं होतं. मावशीच्या ते लक्षात आलं. पलंगावरून उठता येत नाही, लघवीचं भांडं द्यायला समोर लेक, म्हणून ते घोटभर पाण्यानं गोळ्या गिळायचे आणि पुढे दिवसभर पेल्याला तोंड लावायचे नाहीत. लेक आंघोळीला गेली की मावशीला डोळ्याने खुणावायचे. मावशी भांडं धरायची, झाकून न्यायची, आणि लेकीने विचारलं तर म्हणायची, "झालीये मघाशी." भरलेला पेला संध्याकाळी तीच ओतून टाकायची.

शनिवारी सकाळी पुन्हा चार गोळ्या. अकराच्या सुमाराला वरचे म्हणाले, "डोळ्यांपुढे अंधारी येतेय गं." मावशीने बघितलं तर ओठ पांढरे, कपाळावर गार घाम. लेकीने पट्टा बांधला, मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. चौऱ्याहत्तर. खालचा आकडा मशीनला सापडेचना. लेकीने मनगट धरलं आणि ओठ हलवत मोजलं, "सेहेचाळीस." मग ती उठली आणि इतक्या शांत आवाजात तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली की मावशीची पाचावर धारण बसली. आपली लेक शांत झाली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तिला ठाऊक होतं.

जवळचं हॉस्पिटल छोटं होतं. तपासायला आलेल्या डॉक्टर लेकीच्याच वयाच्या. त्यांनी वरच्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळे बघितले, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं दाबून बघितली. वरचे काहीतरी पुटपुटत होते, 'खोका सोडू का, खोका सोडू का' असं काहीसं.

"औषधं कोणती चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

आपण सिस्टर असल्याचं सांगून लेकीने चारही नावं घडाघडा म्हटली.

"यात नवीन काही? या आठवड्यात काही वाढवलं?"

"काहीच नाही. पहिली सहा वर्षांपासून. चौथी दोन वर्षांपासून. रिकाम्या पट्ट्या मी स्वतः मोजते, एक गोळी चुकलेली नाही."

डॉक्टरांनी पुन्हा प्लास्टरकडे बघितलं. "मग औषधाचं नाही हे. पाय प्लास्टरमध्ये आहे, पाचवा-सहावा दिवस आहे, अचानक बीपी कोसळलंय. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली असणार. स्कॅनला हलवायच्या अवस्थेत ते नाहीत, आणि हृदयाची सोनोग्राफी करणारे यायला तास लागेल. तास यांच्याकडे नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल."

"द्या," लेक म्हणाली.

"धोका तुम्हाला माहीत आहे. त्या इंजेक्शनने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. गुठळी असेल तर तो धोका पत्करायलाच हवा." डॉक्टरांनी कागद पुढे केला. "सही पत्नीची लागेल."

कागद मावशीच्या हातात आला. पेन आलं. लेक म्हणाली, "आई, कर लवकर. इथे, या रेघेवर."

मावशीला वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते एक वाक्य तिला कळलं होतं: मग औषधाचं नाही हे. का नाही? तर लेकीने सांगितलं म्हणून. लेकीने कशावरून सांगितलं? तर पट्ट्यांवरून. आणि पट्ट्या कोणी रिकाम्या केल्या? इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर शपथ, आणि ती शपथ घालणारा समोर पांढराफटक पडलेला, तोंड आत्ताच अर्धं मेलेलं. न सांगावं तर भलतंच औषध त्याच्या डोक्यात रक्त आणणार. आणि लेक... लेक पुन्हा कधी आपल्यावर विश्वास ठेवेल का, हाही विचार त्या क्षणी तिच्या मनात आला. आला, त्याला ती काय करणार? माणूसच होती ती.

"ते गोळ्या घेत नव्हते," मावशी म्हणाली.

"काय?"

"घेतच नव्हते. सहा वर्षं. मी काढून टाकत होते बेसिनमध्ये. पट्ट्या तेवढ्या ठेवत होते." तिने पेन कागदावर ठेवलं. "परवा गुरुवारी तू दिल्यास ना, त्या इतक्या वर्षांतल्या पहिल्या."

लेक आईकडे बघतच राहिली. डॉक्टर मात्र क्षणात वळल्या. त्यांनी ना रागावून बघितलं, ना उपदेश केला. भराभर विचारलं, चारही एकदम का, रोज का, आज किती वाजता, आणि पाणी किती प्यायले?

"तीन दिवसांत चार पेलेसुद्धा नाही," मावशी म्हणाली. "भांडं मागायला लागू नये म्हणून."

डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला. "इंजेक्शन थांबवा," त्या आत ओरडल्या. "सलाईन जोरात सोडा. पंप आणा." मग लेकीला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. मधे एका माणसाची जागा रिकामी सोडून. लेक समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागली, परीक्षेत उत्तर द्यावं तशी.

"बीपी पडायला लागलं की शरीराला कळतं, आई. ते हातपाय मारतं. किडनी एक हार्मोन सोडते, त्याने शिरा आवळल्या जातात, मीठपाणी धरून ठेवलं जातं. ती वाट माझ्या दुसऱ्या गोळीने बंद केली होती. शिरा सैल राहतील याची सोय तिसरीने केली. मग हृदयाने जोरात धावायचं, तर त्याला चौथीने बांधून ठेवलेलं. आणि अंगातलं पाणी पहिलीने काढून टाकलं. त्या माणसाने सावरायचं तरी कशाने? सगळ्या वाटा मी बंद केल्या. माझ्या हाताने. जीभ वर करायला लावून."

"तू नाही गं. मी. मी बोलले नाही."

"हो, तू बोलली नाहीस." आता ती वळली आणि तिचा आवाज चढला. "पण का? एवढं तरी सांग, का?"

मावशीने सांगितलं. क्रेन, शिडी, मुकादम, वायरलेसवरचं हसणं, ते पाच तास, बाथरूममध्ये धुतलेली पँट. सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. आता कसली शपथ आणि कसलं काय.

लेक ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "बारा वर्षं मी परक्या बाप्यांची भांडी उचलतेय, आई. उलट्या पुसतेय, चादरी बदलतेय. कोणाला कधी लाजू दिलं नाही मी. वॉर्डातले म्हातारे मला हाक मारून सांगतात. आणि माझ्या बापाला माझ्याशी एवढंसं बोलता येईना? मी काय म्हणणार होते त्यांना? एक गोळी बदलली असती. अर्धी गोळी, वेगळी, संध्याकाळी. एवढंच होतं गं ते." आणि ती उठून पार दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. मावशीची तिच्यामागे जायची हिंमत झाली नाही.

दोन दिवस वरचे पंपावर होते. पंपातून थेंब थेंब जात होतं ते औषध म्हणजे माणूस घाबरला की शरीर आपणहून सोडतं तेच द्रव्य, शिरा आवळणारं. असं तिथल्या नर्सने मावशीला सांगितलं. लेकीने सांगितलं नाही, लेक बोलतच नव्हती. चहाचे कप मात्र दर वेळी दोन आणायची आणि एक आईच्या शेजारी ठेवून जायची.

बीपी सावरलं. पण लघवीची नळी घालून खाली लावलेली पिशवी कोरडी ठणठणीत. डॉक्टर म्हणाल्या, इतका वेळ रक्त कमी मिळाल्याने किडन्या बसल्यात. चालू झाल्या तर आज-उद्या होतील, नाहीतर रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि मग ते किती दिवस, की कायमचंच, हे आत्ता सांगता येणार नाही. मावशी पलंगाच्या पायथ्याशी बसून त्या पिशवीकडे बघत राहायची. सहा वर्षांपूर्वी ज्या लघवीपायी हे सगळं झालं, त्याच लघवीच्या एका थेंबासाठी आता तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाला चमचाभर पिवळं पाणी दिसलं. चौथ्या दिवशी अर्धी पिशवी भरली. मावशीने पिशवीला हात लावून बघितला, कोमट होती. तिथल्या तिथे ती हमसून रडली.

त्याच दुपारी वरचे पुरते शुद्धीवर आले. लेक औषधं आणायला खाली गेली होती. त्यांनी मावशीकडे बघितलं, मग लटकवलेल्या बाटल्यांकडे, मग पुन्हा मावशीकडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"शपथ घातली होती मी तुला. मेलेलं तोंड बघशील म्हणून."

"न सांगते तर तेच बघितलं असतं," मावशी म्हणाली. "भलत्याच इंजेक्शनच्या कागदावर सही करायला सांगितली होती मला. आणि पुन्हा मला कसली शपथ घालायची नाही, सांगून ठेवते. आयुष्यभर ऐकलं तुमचं, बास झालं."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. वरच्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं नाही. लेक वर आली, तिने सलाईन बघितलं, बीपी बघितलं, तक्त्यावर लिहिलं. बापाकडे बघितलं नाही. दोघंही एकाच वळणाची, आणि मधे मावशी.

पाचव्या दिवशी सकाळी नळी काढली. वॉर्डची नर्स म्हणाली, "काका, आता सहा तासांत आपोआप झाली पाहिजे. नाही झाली तर पुन्हा नळी घालावी लागेल. भरपूर पाणी प्या, आणि लागली की लगेच मला सांगा."

वरचे पाणी प्यायले. एक तास गेला, दोन गेले. नर्स दोनदा येऊन विचारून गेली, "काका, आली का?" वरचे म्हणाले, "येईल." तिसऱ्यांदा ती आली तेव्हा ते म्हणाले, "येईल हो, घाई काय आहे?" पण मावशी बत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहत होती. त्यांची मूठ चादरीवर आवळली होती, बरा पाय अवघडून दुमडला होता, आणि कपाळावर घाम यायला लागला होता. सगळ्या वॉर्डात माणसं. पलीकडच्या खुर्चीवर लेक, हातात कागद धरून बसलेली, बघायचं नाही असं ठरवून बसलेली.

वरच्यांनी मावशीला डोळ्याने खुणावलं.

मावशी उठायला झालीच होती. हात गुडघ्यांवर टेकले होते तिने. उठायचं, पडदा ओढायचा, भांडं धरायचं, झाकून न्यायचं, आणि म्हणायचं, झालीये मघाशी. ते सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. मोठ्या कष्टाने तिने हात मांडीवर घेतले आणि ती बसून राहिली. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसून राहिली.

त्यांनी पुन्हा खुणावलं. ती हलली नाही. तिला त्यांची दया आली, फार दया आली, तरी ती हलली नाही.

वरचे छताकडे बघत राहिले.

"सिस्टर," ते म्हणाले.

वॉर्डची नर्स लगबगीने वळली. "आले काका!"

"तुम्ही नाही." त्यांनी मान वळवली. "माझी सिस्टर."

लेकीने कागदातून मान वर केली.

"मला लघवीला लागलीय गं," वरचे म्हणाले. हळू बोलायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण सगळ्या वॉर्डला ऐकू गेलं. "धरवत नाही आता."

लेक उठली. कागद खुर्चीवर ठेवला, पलंगाखालून भांडं घेतलं आणि पडदा चारही बाजूंनी ओढून घेतला. मावशी बाहेर राहिली. आतून वरच्यांचा हुंदका ऐकू आला, एकच, आणि त्यामागून लेकीचा आवाज.

"सावकाश होऊ द्या, बाबा. मी धरलंय भांडं."